तिकटीवरचा झेंडा

“मग वस्ताद, शर्यत माझ्याकडं कधी देणार?”

धैर्यशील इंगवलेनं हे त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा विचारलं. हिंदुराव वस्ताद एका बारक्या सायकलीत हवा भरत बसले होते. त्यांचा हात थांबला नाही.

तलावाच्या काठावर मुलांच्या सायकली ओळीनं लावून ठेवल्या होत्या. सकाळी मुलांची ट्रायथलॉन होती. आधी तलावात पोहायचं, मग सायकल, मग बांधावरून पळायचं. कोल्हापूरजवळच्या त्या गावात वस्तादांनी ही शर्यत सुरू केली, तेव्हा ट्रायथलॉन हा शब्दसुद्धा कुणाला धड म्हणता येत नव्हता.

वस्तादांचे वडील तालमीत कुस्ती शिकवायचे. मुलानं माती सोडून पाणी धरलं. लोकांनी मात्र वस्ताद म्हणायचं सोडलं नाही.

धैर्यशील त्यांच्याच हाताखाली पोहायला शिकला. पुढं परदेशात जाऊन लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पुरी करून आला. चौकात त्याच्या अभिनंदनाचा फलक लागला, तो पावसाळा संपला तरी उतरला नव्हता. तो उतरू नये याची काळजी कोण घेत होतं, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

आता वस्तादांचे गुडघे कुरकुरत होते. शर्यत पुढं कुणी चालवायची हा प्रश्न होताच, आणि ती आपल्यालाच मिळावी असं धैर्यशीलला मनापासून वाटत होतं. वेळ मोजायची यंत्रं, पुण्या-मुंबईची मुलं, मोठे पाहुणे, असं बरंच काही त्यानं ठरवून ठेवलं होतं. त्यातलं निम्मं चांगलंही होतं, खोटं कशाला बोलू.

वस्तादांनी पंप बाजूला ठेवला. हात पुसले.

“उद्या तिकटीवर उभा राहा.”

“मी?… तिकटीवर?”

तलावाच्या मागं रस्ता फुटतो, ती तिकटी. डावा फाटा तलावाला वळसा घालून परत येतो. सरळ रस्ता उसातून गुऱ्हाळाकडं आणि तिथून पुढं मोठ्या रस्त्याला जातो. सायकलवरच्या मुलांना डावीकडं वळवायला तिथं एक माणूस झेंडा घेऊन उभा करावा लागतो. तिथं मांडव नाही, सावली नाही, फोटोवाला तर नाहीच नाही.

“झेंडा धरायचा. डावीकडं हात दाखवायचा.”

“आणि?”

“आणि काय न्हाई.”

धैर्यशीलला ते लागलं. त्यानं अदबीनंच सांगून पाहिलं की हे काम कुणीही करील. आपण शेवटच्या रेषेजवळ असलेलं बरं, पालकांशी बोलता येईल, पेपरवाले येतील त्यांना माहिती देता येईल. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

मग त्यांनी मांडवाच्या खांबाला टेकवलेला झेंडा उचलला. कापड धुऊन धुऊन विटलं होतं. बांबूचा दांडा धरायच्या जागी काळा, गुळगुळीत झाला होता.

“शेवटचं पोरगं वळंस्तोवर तिथनं हलायचं न्हाई. मग शर्यतीचं बोलू.”

सकाळी गारठा होता. ऊसतोडीचे दिवस असल्यानं तिकटीवर पाचट पसरलं होतं आणि धूळ घोट्यापर्यंत येत होती. धैर्यशील झेंडा घेऊन उभा राहिला. ओळखीचं कुणी आपल्याला इथं पाहू नये असं त्याला वाटत होतं.

पण त्याच्याकडं एक हुकमाचं पान होतं. वेदांगी. दिवाळीपासून तो तिला एकटीला शिकवत होता. आज ती पहिली आली की पोरं घडवायला कोण लायक आहे हे सगळ्यांना दिसणार होतं, वेगळं बोलायची गरजच उरणार नव्हती.

आणि वेदांगी आली. एकटी, सगळ्यांच्या पुढं. तिकटीवर झकास वळली.

पण पुढं चढ होता, आणि तिची सायकल जड गिअरमध्ये होती. पोरगी उभी राहून पेडल मारत होती. धैर्यशीलनं ओरडून सांगितलं, तिला ऐकू गेलं नाही.

तो तिच्या शेजारून पळायला लागला. चार पावलं म्हणून निघाला आणि चढ संपेपर्यंत गेला.

माथ्यावर तिनं गिअर बदलला आणि सायकल उताराला सुसाट सुटली. धैर्यशील कमरेवर हात ठेवून तिच्या पाठीकडं बघत राहिला. आपण शिकवलेलं पोर असं वाऱ्यासारखं जाताना बघायचं, यासारखं सुख नाही.

मग तो सावकाश चालत तिकटीवर परतला. झेंडा वर धरला.

कुणी आलं नाही.

आणखी थोडा वेळ गेला. तरी कुणी आलं नाही. धैर्यशीलला आधी नवल वाटलं, मग आनंद झाला. एवढी पुढं निघून गेली वेदांगी! पेपरवाल्यांना काय सांगायचं ते त्यानं मनात जुळवायला घेतलं.

फोन वाजला. वस्ताद होते.

“वेदांगी आली. सायकल ठिवून पळाय लागली.”

“वाटलंच होतं, वस्ताद.”

“तिच्या मागं कोण?”

“येतील की. लई मागं पडलीत सगळी.”



“रस्त्याकडं बघ,” वस्ताद एवढंच म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

धैर्यशीलनं खाली बघितलं. डाव्या फाट्यावर धुळीत सायकलच्या चाकांचा एकच माग होता. सरळ रस्त्यावर मात्र मागच माग होते, एकमेकांत गुंतलेले, पाचट चिरडत पुढं गेलेले.

तो चढावर गेला तेवढ्या वेळात पुढचं पोर तिकटीवर आलं असणार. सांगायला कुणी नाही म्हटल्यावर ते सरळ गेलं, आणि मागची सगळी त्याच्या मागं गेली.

तो पळत सुटला. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या त्याच रस्त्यानं जात होत्या, आणि मोठा रस्ता पुढंच होता. परदेशात एवढं पोहून, एवढी सायकल मारून तो मॅरेथॉन पळाला होता. पण हा रस्ता त्याला संपता संपेना. हातातला झेंडा टाकून द्यायचंही त्याला सुचलं नाही.

समोरून आलेल्या ट्रॅक्टरवाल्यानं त्याचा अवतार बघून वेग कमी केला. पोरं पुढं गुऱ्हाळावर आहेत, म्हणाला.

गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर निघत होता. चिपाडाच्या ढिगाला सायकली टेकवलेल्या होत्या. डोक्यावर हेल्मेट, दंडावर नंबर, अशी सगळी पोरं ओळीनं बसून उसाचा रस पीत होती. एवढ्या बारक्या सायकली मोठ्या रस्त्याकडं निघालेल्या बघून गुऱ्हाळाचा मालक हात पसरून रस्त्यात आडवा उभा राहिला होता. एकालाही त्यानं पुढं जाऊ दिलं नव्हतं.

धैर्यशीलनं पोरं मोजली, पुन्हा मोजली. मग तो तिथंच चिपाडावर बसला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

मुक्ता नावाची सगळ्यांत धाकटी पोरगी पेला घेऊन त्याच्याजवळ आली. तिच्या ओठांवर रसाचा फेस होता.

“सर, वस्ताद आजारी हायत का?”

“का गं?”

“दरसाल तिकटीवर तेच असत्यात. आज कुणीच न्हवतं.”



लहानपणी धैर्यशील स्वतः त्या तिकटीवर कितीदा वळला होता. धुळीनं माखलेला एक माणूस डावीकडं हात करून उभा असायचा. वळायच्या घाईत त्यानं तो हात तेवढा बघितला होता, तोंड कधी बघितलं नव्हतं. बक्षिसं वाटताना पाहुणे वस्तादांना हाका मारायचे, आणि वस्ताद सगळं उरकल्यावर झेंडा काखेत मारून कुठूनतरी उगवायचे. खुर्च्या-बिर्च्या गोळा करत असतील, असं धैर्यशीलला वाटायचं.

काल त्यांनी त्याला हलकं काम दिलं नव्हतं. स्वतःची जागा दिली होती.

त्यानं पोरांना विचारलं, आता शर्यत सोडायची का? पोरं त्याच्याकडं वेड्यासारखी बघायला लागली. अजून पळायचं राहिलं होतं ना.

गुऱ्हाळाचा मालक सगळ्यांत मागून सायकलवर निघाला. धैर्यशील पुढं पळत आला आणि तिकटीवर उभा राहिला. डावीकडं हात केला. पोरं एकेक करून वळायला लागली.

वळणापलीकडं एकाच्या सायकलची चेन उतरली. पोरगं रडकुंडीला आलं, सर सर म्हणून हाका मारायला लागलं. धैर्यशीलचा पाय उचलला गेला होता… त्यानं तो परत खाली ठेवला. मुक्ता अजून यायची होती. चेन कशी बसवायची ते त्यानं जागेवरूनच ओरडून सांगितलं. पोरानं हात काळे केले, पण चेन बसवली.

सगळ्यांत शेवटी मुक्ता आली. वळताना तिनं एक हात सोडून त्याला टाटा केला. मगच तो तिथून हलला.

शेवटच्या रेषेजवळ वस्ताद फीत धरून उभे होते. ते काम त्यांना नवीन होतं. फीत त्यांनी एवढी उंच धरली होती की वेदांगी केव्हाच तिच्याखालून निघून गेली होती. पहिली येऊनही ती कडेला एकटीच बसून रस्त्याकडं बघत होती. बाकीची पोरं बांधावर दिसली तशी ती उठली आणि टाळ्या वाजवायला लागली.

पालक चिडले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. धैर्यशीलनं माईक घेतला. तिकटीवर माझी नेमणूक होती, मी जागा सोडली, पोरं माझ्यामुळं चुकली, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. पेपरवाले तिथंच होते. लोक बोलायचं ते बोलले. वस्ताद मध्ये पडले नाहीत.

दुपारी मांडव उतरला. माणसं पांगली. वस्ताद काठावर बसून तलावातून काढलेले दोर गुंडाळत होते.

धैर्यशीलनं झेंडा त्यांच्यासमोर धरला.

वस्तादांनी तो लगेच घेतला नाही. गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

“पुढच्या सालापासनं शर्यत तुझी.”

धैर्यशीलला वाटलं, वस्ताद थट्टा करतायत. त्यानं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. थट्टा नव्हती.

“नको, वस्ताद.”

“का?”

“शर्यत दुसऱ्या कुणाला द्या… मला तिकटी द्या. हा झेंडा माझ्याकडं राहू द्या.”



वस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. त्याच्या हातातून झेंडा काढून घेतला, कापड दांड्याला गुंडाळलं आणि तो काखेत मारला.

“झेंडा येवढ्यात न्हाई मिळायचा,” ते म्हणाले. “तवर शर्यत सांभाळ.”