भ्यालेल्या आईचं दूध

कृष्णेला पूर आला आणि सारं गाव उंचावरच्या शाळेत येऊन राहिलं. तिथं शेवंताचं वीस दिवसांचं लेकरू भुकेनं टाहो फोडत होतं, पण गावचे पुढारी बापूसाहेब तिला पाजू देईनात.

“भ्यालेल्या बाईचं दूध नासतं,” ते गरजले. “पोराला बाधेल. पावडरीचा डबा येईस्तोवर थांब!”

सासूनंही मान डोलावली आणि लेकरू आपल्याच मांडीवर धरून ठेवलं.

शेवंता कासावीस झाली. तिनं पदर सावरून विचारलं, “बापूसाहेब, काल तुमची म्हैस पुरात वाहता वाहता वाचली. ती भ्याली असंल का हो?”

“भ्याली म्हणजे! अजून थरथरतीय.”

“मग सकाळी तिच्याच दुधाचा चहा दोनदा घेतलासा. पोट बरं हाय न्हवं?”

शाळेत हशा पिकला. बापूसाहेबांचा हात नकळत पोटाकडं गेला, आणि सासूनं लेकरू शेवंताच्या पदराखाली दिलं.