द्वारकाबाईंचा पदर

“गाठ तर गेली, सर. मग बाई तोंडावरचा पदर का काढत नाहीत?”

डॉ. सारंग उपासनीच्या प्रश्नात तक्रार होती. त्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. पेशंट मात्र बरी व्हायला तयार नव्हती.

मुजुमदार सरांनी चष्मा पुसला. नाक-कान-घसा सारंगला त्यांनीच शिकवलं होतं.

“कसली गाठ?”

“थॉर्नवाल्टची!” हे नाव तो सकाळपासून सतरा जणांना सांगून आला होता. त्यात लिफ्टमनही होता. “नाकाच्या मागे, घशाच्या छताला. द्राक्षाएवढी. साधीच, कर्करोगाची नाही. पण आतली घाण घशात उतरायची आणि तोंडाला वास यायचा. चौदा वर्षं कुणी दात उपटले, कुणी पोटाची औषधं दिली. नाकामागे कुणी बघितलंच नाही. मी दुर्बीण घातली, एमआरआय केला, गाठीच्या पिशवीचं छत कापून ती उघडी ठेवली. आता भरायची नाही. दीड महिना झाला. वास शून्य.”

“बाईंना सांगितलंस?”

“तीनदा.”

“कुठून?”

सारंगला प्रश्न कळला नाही.

सर उठले. तपासणीच्या खोलीत द्वारकाबाई शेडबाळे भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

“सांग परत.”

सारंगने दारातच मास्क सारखा केला. “मावशी, वास गेलाय.”

पदर हलला नाही.

सरांनी स्वतःचा मास्क उतरवला. स्टूल ओढून ते बाईंच्या इतके जवळ बसले की गुडघ्याला गुडघा लागला. मग मान पुढे केली.

“बोला.”

“लांब बसा हो, डॉक्टर...”

“ऐकू कमी येतं. बोला.”

“काय बोलू?”

“घरी कोण असतं?”

“मुलगा, सून.” बाई थांबल्या. “हे गेले दोन वर्षांपूर्वी. शेवटी पाणीसुद्धा सुनेच्या हातनं घ्यायचे. मी उंबऱ्यात उभी. जवळ गेले की तोंड फिरवायचे... तसेच गेले. तोंड फिरवून.”

डोळे पुसायला त्यांनी पदर वर नेला. तोंड उघडं पडलं.

सर मागे सरले नाहीत.

बाई बराच वेळ रडल्या. अगदी सरांच्या तोंडावर.

दारात सारंगचा हात मास्कपाशी गेला आणि तिथेच राहिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, “सर... केसपेपरवर काय लिहू? पूर्ण बरी?”

सरांनी वळून पाहिलं नाही.

“लिही... तपासणी आज सुरू केली.”