शकूमावशींची शतपावली

सांगलीच्या पारिजात सोसायटीत इनामदारसाहेबांनी मोठ्या हौसेनं नव्या फरश्या बसवून घेतल्या. माणसं वरून चालली, की पावलांच्या दाबानं वीज तयार व्हायची आणि अंगणातला दिवा लागायचा. जेवणं आटोपून बायका गप्पा मारत शतपावलीला उतरल्या, की अंगण कसं उजळून निघायचं.

पण साहेब पडले निवृत्त इंजिनिअर, त्यातून सोसायटीचे अध्यक्ष. शिस्तीशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी पाटी लावली : ‘फरशीवर गप्पा मारू नयेत. प्रत्येकाने शंभर पावले चालावे.’

बायका निमूटपणे शंभर पावलं मोजून घरी जाऊ लागल्या. दिवा आधी मिणमिणला, मग विझला.

“कामचुकार आहात सगळ्या!” साहेब अंगणात उतरलेल्या शकूमावशींवर कडाडले.

“चुकलंच आमचं,” मावशी म्हणाल्या. “बरं, माझ्या मामेबहिणीच्या लग्नात काय झालं, ठाऊक आहे? अंतरपाट दूर केला, तर पाटावर नवरदेवच नाही!”

“नाही? मग गेला कुठे?”

“चला, सांगते.”

मावशी चालत होत्या, सांगत होत्या. साहेब शेजारून “अरेच्चा!” करत होते. दहाव्या फेरीला मावशी थांबल्या आणि त्यांनी वर बोट दाखवलं. दिवा लागला होता.

“किती पावलं झाली हो, साहेब?”

“मोजली कुणी?” साहेब बोलून गेले आणि ओशाळले. मुकाट्यानं पाटी काढून त्यांनी बगलेत धरली.

“पण शकूताई, नवरदेव होता कुठे?”

“ते उद्या,” मावशी जिना चढत म्हणाल्या. “उद्याही दिवा लागायला हवा ना!”