कारभाऱ्यांचं लोणी

वऱ्हाडातल्या एका देशमुखांच्या गोठ्यातली म्हशींना घालायची सरकी पोत्यापोत्यानं नाहीशी होऊ लागली. कारभारी दाजीपंतांनी म्हाताऱ्या राखणदारावर, इठोबावर आळ घेतला. हनुमान जयंतीला भर देवळात ते कडाडले, "या चोराला गावाबाहेर काढा!"

मारुतीपुढे रिवाजाप्रमाणे घरोघरचे लोण्याचे गोळे पळसाच्या पानांवर ठेवले होते. चैत्राच्या उकाड्यानं सगळे पसरले होते. एकच पांढराशुभ्र गोळा घट्ट बसून होता.

देशमुखांच्या सुनेनं, वेणूनं, पदर सावरत विचारलं, "हा गोळा कुणाचा?"

"आमचा!" कारभारी फुशारले.

"म्हशीला काय घालता, काका?"

"निव्वळ गवत! आमच्या गोठ्यात सरकीचा एक दाणा सापडला तर मिशी उतरवीन."

वेणू हसली. "गवतावरच्या म्हशीचं लोणी उन्हाळ्यात असं पसरतं. सरकी खाणारीचं घट्ट राहतं. आमचा गोळा दरवर्षी घट्ट असायचा, यंदा आमची सरकी गेली आणि तोही पसरला. काका, तुम्ही सगळ्या गावाला गवत सांगितलंत, फक्त लोण्याला पढवायचं राहिलं."

देशमुखांनी इठोबाला जवळ बसवलं आणि शांतपणे वस्तरा मागवला.