बाद केलेली चकती

“...मग अहवालावर सही का करत नाही, बाई?”

श्रीरंगचा आवाज चढला होता. अणुभट्टीच्या त्या प्रयोगशाळेत डॉ. वत्सला केळुसकरांशी असं कुणी बोलत नसे, आणि हा तर त्यांचाच विद्यार्थी. मी त्यांना धातूचे पत्रे पुरवणारा व्यापारी. निकेलचा नवा नमुना घेऊन कोपऱ्यात बसलेला. उठावं की बसून राहावं, कळेना.

भट्टीच्या गाभ्यात वेगवान न्यूट्रॉन किती धावतात, ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आमच्या पत्र्यांच्या चकत्या कापून आत ठेवतात, मग बाहेर काढून न्यूट्रॉननी त्यांच्यात किती किरणोत्सार जागवला ते मोजतात. श्रीरंगने तेच गणित संगणकावर मॉडेल करून मांडलं होतं. मोजमाप आणि मॉडेल जुळलं, तर त्याच्या भरवशावर भट्टीची पोलादी भिंत आणखी काही वर्षं वापरायची होती. हे न्यूट्रॉन पोलाद ठिसूळ करतात. आणि भिंतीपलीकडे माणसं काम करतात.

बाईंनी विचारलं, भिंतीजवळची निकेलची चकती आलेखात का नाही?

बाद केली, तो म्हणाला. तिचा आकडा फारच वर गेला होता.

“पुन्हा मोजलीस?”

“मोजली. तेवढाच आला.”

“वजनात चूक?”

“नाही.”

“मग बाद कशावरून?”

“मॉडेलशी जुळत नव्हती.” तो चिडला. “बाकीच्या सगळ्या जुळतात, बाई. टिकलीएवढ्या पत्र्यासाठी माझं सगळं काम अडवून ठेवलंय तुम्ही.”



मला आमच्या पेठेतला एक शिंपी आठवला. सदरा आखूड झाला की गिऱ्हाइकाला म्हणायचा, तुमचेच हात लांब आहेत. आम्ही पोट धरून हसायचो. इथे हसू येईना. चीड आली.

बाईंनी खण उघडून एक कागदी पाकीट काढलं. वर श्रीरंगच्याच अक्षरात ‘बाद’. आतल्या चकतीतला किरणोत्सार एव्हाना निवला होता. बाईंनी तो शब्द कागद फाटेस्तोवर खोडला, खाली पूर्ण सही केली आणि पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“सही अहवालावर हवी होती.”

“श्रीरंग...”

“हं.”

“भट्टीच्या आत कोण जाऊन आलं? तुझं मॉडेल, की ही चकती?”