कोंडाईची डहाळी

कोंडाईचं बोलणं गावात एकानंही खरं मानलं नाही. एकानंही नाही! ज्यांच्या पोरांचे ताप तिनं पाला वाटून उतरवले, त्यांनीसुद्धा नाही.

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा जांभूळखोऱ्याला रस्ता नव्हता आणि रान पार चुलीपर्यंत आलेलं होतं. कोंडाई झाडपाल्याची औषधं द्यायची. बाकीच्यांना पान म्हणजे पान. तिच्याकडे मात्र पानापानाला शब्द होता. कडेला दाते असले की करवती. पाठीवर लव असली की मखमली. दोन पानं काडीवर तोंडाला तोंड लावून बसली की जावा-जावा, आणि एक इकडे, वरचं तिकडे अशी चढत गेली की शिडीवाली. असं म्हणतात, डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी ती झाड ओळखायची. बाया हसायच्या, “कोंडाई, पानांची बारशी उरकली असतील तर औषध दे, पोरगं रडतंय!”

त्या साली वाघजाईच्या गावजेवणाला देवभाजी ठरली. तिच्यासारखीच भूलभाजी रानात शेजारीच उगवते. तीही करवती, तीही मखमली. फरक एवढाच, की देवभाजीची पानं जावा-जावा आणि भूलभाजीची शिडीवाली. आणि भूलभाजी पोटात गेली की माणूस उठत नाही.

सखोबा कारभाऱ्यानं भाजी खुडणाऱ्या पोरींना फर्मान सोडलं, “काड्या टाकून द्या. पानं ओरबाडून घ्या, काम लवकर आटपेल.” झालं! कोंडाई आली तेव्हा काहील रटरटत होती. तिनं उकिरड्यावरच्या काड्या चाळल्या. पान तुटलं तरी काडीवर वण राहतो. मूठभर काड्यांवर वण शिडीसारखे चढलेले.

“वाढू नका! यात भूलभाजी आहे, हे वण बघा!”

“आता काड्या वाचायला लागली,” म्हणत कारभाऱ्यानं ती मूठ चुलीत घातली. पंगत खो खो हसली.

कोंडाईनं पदर खोचला, काहिलीखाली लाकूड घातलं आणि अख्खी काहील उलथी केली.

देवीचं अन्न मातीत! गावानं तिला तिथूनच ओढ्यापार हाकललं. मग सांडलेला पाला कारभाऱ्याच्या दुभत्या शेळीनं खाल्ला आणि ऊन कलायच्या आत चारी पाय ताठ केले.

लोक आधी पानं खुडणाऱ्या पोरींवर ओरडले, मग भानावर आले आणि अनवाणी रानात धावले. असं म्हणतात, कोंडाई गेली त्या वाटेवर वारा नसताना झाडांनी पानं उलटी धरली होती, पांढरी पाठ वर. त्या पांढऱ्या वाटेनं गाव तिच्यापर्यंत पोचलं. पाय धरले. ती म्हणाली, “पोरींना बोल लावू नका. काड्या कुणी टाकायला लावल्या, ते विचारा.”

आज शाळेत गुरुजी फळ्यावर दंतुर, लोमश, संमुख, एकांतर लिहितात, आणि पोरं अर्थ विचारत नाहीत, सांगतात. करवती, मखमली, जावा-जावा, शिडीवाली! भाजी अजून काडीसकटच घरात येते. गावजेवणाला पहिली डहाळी कोंडाईच्या नावानं चुलीपाशी उभी करतात, घराघरातली बाई तिच्यावर बोट फिरवते, हात जोडते, मगच पानं खुडतात. ती होती म्हणून आपण आहोत, असं म्हातारी माणसं सांगतात. आणि एखादी नवी सून घाईनं पानं ओरबाडून आणतेच. तिला कुणी रागावत नाही. सासू फक्त मोठ्यानं विचारते, “काड्या कुणी गं टाकायला लावल्या?”

आणि अख्खी पंगत एका आवाजात सांगते, सखोबा कारभारी!