न दिसणाऱ्याचं पान

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका पेठेत एक गृहिणी राहत होती. व्रतं, उपास सगळं मनापासून करायची. तिची लहानगी लेक तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने महादेवाला हात जोडले आणि सोळा सोमवार धरले. लेक हळूहळू बरी झाली. आता राहिलं होतं उद्यापन. देवाला नैवेद्य दाखवायचा, एक मेहूण, म्हणजे नवराबायकोचं जोडपं, जेवायला बोलवायचं आणि दिवस मावळायच्या आत त्यांना तृप्त करून आशीर्वाद घ्यायचा.

पण नेमकं त्याच सकाळी तळणीचं तेल तिच्या उजव्या हातावर उडालं. टरारून फोड आले. लाटणंसुद्धा धरवेना.

नवरा म्हणाला, "अगं, वेशीपाशी नवं भोजनालय निघालंय, तिथून आणू."

"देवाचं आहे हो. विकतचं कसं चालेल?"

"देवाला तुझा हात दिसतोय की."

ती भोजनालयात गेली. दारात पितळी समया, आत गुलाबपाण्याचा शिडकावा. दर मात्र ऐकूनच भूक मरावी असे. तरी बसलेली माणसं बोटं चाटत होती. ते पाहून तिला धीर आला.

"शेठ, पाच पानांचं द्या. उद्यापन आहे, घरी न्यायचंय."

"घरी ना?" मालकाने मान वर न करताच आत हाक दिली, "नेण्यातलं बांधा रे!"

मागितला तो दर तिने दिला. घरी येऊन केळीच्या पानावर नैवेद्य वाढला. नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचा नसतो, त्यामुळे कसं झालंय ते तिला कळायला मार्ग नव्हता. मग म्हातारं मेहूण पानावर बसलं.

आजोबा एक पुरी कितीतरी वेळ चघळत राहिले. आजींनी खिरीचा एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. दोघांनी पानाला नमस्कार केला, पण आशीर्वाद काही ओठांवर येईना.

"आजी, काही चुकलं का हो माझं? खरं सांगा."

"खरं सांगायचं तर बाई, यांना चावलं नाही अन् मला गिळलं नाही. पुरी वातड, खीर करपलेली. तृप्त न होता तृप्त झालो म्हटलं, तर तुझ्या लेकीच्या व्रतात खोटं शिरेल. दिवस अजून आहे. आम्ही ओसरीवर थांबतो."

गृहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. सोळा सोमवारांचा नेम, आणि शेवटी मेहूण उपाशी! शेजारीण तणतणली, "जा, चारचौघांत पाणउतारा कर त्या लुबाड्याचा!"

ती तडक गेली. भोजनालय भरलेलं होतं. एक शब्द मोठ्याने बोलली असती, तरी सगळे हातचे घास खाली राहिले असते. तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले आणि मालकाला बाजूला बोलावून सगळं सांगितलं.

मालक गोरामोरा झाला. "वहिनी, पैसे परत घेऊन जा."

"पैसे नकोत, शेठ. माझं मेहूण उपाशी आहे. पण एवढं सांगा, इथे बसलेली माणसं तर वाहवा करताहेत. मग आमच्याच वाट्याला असं का?"

मालकाने मान खाली घातली. "समोर बसलेल्याचं तोंड दिसतं हो. नाही आवडलं तर लगेच बोलतो. म्हणून त्याला ताजं. घरी नेणाऱ्याला उरलंसुरलं. तो खाताना मला कुठे दिसतो?"

 ती शांतपणे म्हणाली, "सोळा सोमवार मी देवापुढे पान वाढलं, शेठ. देव जेवताना मला एकदाही दिसला नाही. म्हणून मी उरलंसुरलं वाढलं असतं, तर लेक बरी झाली असती की नाही, ते मला ठाऊक नाही. पण त्याच्यापुढे उभं राहायला मला तोंड उरलं नसतं."

 मालकाने अंगावरचा जरीचा शेला काढून ठेवला, विहिरीवर अंघोळ केली आणि तिच्या मागोमाग तिच्या घरी आला. चूल पेटवली. कणीक स्वतः मळली, खिरीपाशी ढवळत उभा राहिला, क्षणभरही हलला नाही. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली, तेव्हा तिने पुन्हा नैवेद्य दाखवला आणि पानं मांडली.

आजोबांनी पुरी खिरीत बुडवून खाल्ली आणि वाटी पुढे केली. "आणखी घाल रे बाबा. कंजूषपणा नको!"

मालक वाढत होता आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होता. आजवर इतक्या जवळून त्याने कुणाला जेवताना पाहिलं नव्हतं.

आजींनी हात धुतले. लेकीला जवळ घेऊन म्हणाल्या, "औक्षवंत हो, बाळा. तुझ्या आईचं व्रत पुरं झालं." मग मालकाकडे वळून त्यांनी हात उचलला, "अन्नदाता सुखी भव!"

मालकाने वाकून नमस्कार केला. त्याला लवकर मान वर करवेना.

दुसऱ्या दिवसापासून भोजनालयात बसणाऱ्याला आणि घरी नेणाऱ्याला एकाच चुलीवरचं ताजं मिळू लागलं. दरही उतरले. घरी न्यायला कुणी आलं की मालक स्वतः उठायचा आणि पुडा बांधण्याआधी विचारायचा, "जेवणार कोण आहे हो घरी?" म्हातारं माणूस आहे म्हटलं की भात मऊ, लहान मूल आहे म्हटलं की तिखट कमी. ज्यांना त्याने कधी पाहिलंही नाही, अशी कितीतरी माणसं त्या पेठेत समाधानाने जेवू लागली.

तात्पर्य: जो आपल्याला दिसत नाही, त्याचंही पान देवाच्या पानासारखंच मनापासून वाढावं.